गो, नो-गो

तिसऱ्या गेटापलीकडं, उद्यमबागेत,
सतरा वर्षं माझं काम एकच :
दुसऱ्यानं केलेलं तपासायचं.
रात्रपाळीत बोअर झालेल्या व्हॉल्व्हच्या बॉडी
सकाळी माझ्या टेबलावर, तेलकट, थंड.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे. गो.
दुसरं जाता कामा नये. नो-गो.
मायक्रोमीटरचं रॅचेट टिकटिकतं
ते कानानं नाही, चिमटीनं ऐकायचं असतं.

मार्चात चिमूट बहिरी झाली.
अंगठा आणि तर्जनी, दोघं मिळून रुसल्यासारखे.
मी चाळीस नग पास केले
आणि गिऱ्हाइकानं चाळीसच्या चाळीस परत धाडले.
सुपरवायझर व्यंकाप्पा ओरडला नाही,
नुसतं म्हणाला, "काय करूलालीस गं वैजू?"

हातात काही बिघडलं नव्हतं. मानेत होतं.
पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधला
वॉशर झिजून बाहेर आलेला,
नसेवर गुडघा देऊन बसलेला.

डॉक्टर हंपण्णवर कन्नड बोलतात, मराठी समजतात.
माझं उलटं.
त्यांनी ड्रॉवरमधून नमुना काढून तळव्यावर ठेवला :
टायटॅनियमच्या दोन चकत्या, मधे पांढरं प्लास्टिक,
पुढं झुकतं, मागं झुकतं, बाजूला डुलतं.
मी ओढणीला हात पुसले.
विचारलं, टॉलरन्स किती?
ते हसले. मग हसायचे थांबले
आणि कंपनीचं पत्रक शोधू लागले.

जोडून टाकायचंही ऑपरेशन असतं, म्हणाले,
पट्टी, स्क्रू, दोन हाडांचं एक.
पण मग मान तिथं वळत नाही
आणि शेजारचा सांधा त्याच्या वाटचं वळत राहतो.
ओव्हरटाइम, मी म्हणाले.
हौदु, ते म्हणाले.

मला सगळं आधी ऐकायचं होतं.
मागून नाही, गळ्यातून जातात.
चीर मानेच्या वळीतच, पुढं दिसू नये म्हणून.
कापायचं कमी, सारायचं जास्त :
धडधडती शीर एका अंगाला,
श्वासनलिका, अन्ननलिका दुसऱ्या अंगाला,
दारातल्या माणसांना "जरा सरका" म्हटल्यासारखं.
सुई टोचून फोटो. हीच जागा, शेजारची नव्हे.
वर एक पिन, खाली एक पिन,
मधली फट हळूहळू फाकवायची.
झिजलेलं कुरतडून काढायचं, कण कण,
मागच्या पडद्यापर्यंत,
जिथं पलीकडं मज्जारज्जू असतो आणि हात आपोआप हळू होतो.

"मग माप," ते म्हणाले.
पाचचं घालून बघतो. सैल.
सातचं. जात नाही, ठोकून घालायचंही नाही.
सहा.
मी खुर्चीत सरळ बसले.
एवढं मला येत होतं.

बुधवारी शंभरपासून उलटं मोजताना
मी शहाण्णवला हरवले.
पुढच्या दोन तासांचं माझ्याकडं रेकॉर्ड नाही.
सिस्टर ब्रिजिट नंतर सांगत होती,
हातोडी इवलीशी होती,
आणि सर प्रत्येक ठोक्याला पडद्याकडं बघत होते.
टक. फोटो. टक. फोटो.
मधली रेघ मधेच यावी म्हणून.
रेघ कुठून जावी यावर
आमच्याकडं आजोबांच्या वेळेपासून भांडण आहे.
त्या खोलीत, ती म्हणाली, कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही.

"बेरळु अल्लाडिसि."
मी बोटं हलवली.
घसा सोललेला, आवाज निघेना,
त्यामुळं कुठल्या भाषेत उत्तर दिलं ते ठरलं नाही.

तिसऱ्या दिवशी भावजयीनं कुंदा आणला.
गिळवत नव्हता.
मी नुसता चिमटीत धरून चुरत बसले.
दाणा लागला.
पुन्हा चुरला. लागला.
ती म्हणाली, खा की, खेळूलालीस काय.

फाइलीत एक स्टिकर चिकटवलंय :
लॉट नंबर, उंची सहा मिलिमीटर,
आणि कोपऱ्यात तपासणाऱ्याची आद्याक्षरं, दोन.
कुठल्या गावचं कोण, कळत नाही.
बाई असेल. पहिल्या पाळीची.
त्या दिवशी तिची चिमूट जागी असेल ना.